न वाजणारी गाडी आणि गरम गक्कड

चहा घे आधी, मग सांगतो आमच्या भाऊजींनी काय केलं ते. नदीवरच्या तिलवारा घाटापलीकडच्या गावात बॅटरीच्या रिक्षानं पाहुणे जेवायला नेतात ना, तिथं त्यांना घेऊन गेलो होतो. रिक्षा चालवते ती दीदी त्याच गावची. जेवण तिच्या सासूच्या चुलीवरचं.

गावाच्या वळणावर दीदीनं रिक्षा थांबवली. "चलो, अब सब लोग गाइए."

"काहून?" भाऊजी भडकले. फॅक्टरीतून रिटायर झालेला माणूस, गणपतीतही नुसत्या टाळ्या वाजवतो.

"अम्मा डीज़ल ऑटो की आवाज़ सुनके गक्कड़ अंगारों पे रखती थीं. ये गाड़ी तो सुनाई ही नहीं देती. पिछले मेहमान भूखे बैठे रहे."

गक्कड म्हणजे आपले रोडगेच, निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे गोळे. भाऊजींना सपाटून भूक लागलेली. त्यांनी खड्या आवाजात आरती सुरू केली. पोचलो, हातपाय धुतले, तर गक्कड निखाऱ्यावरून थेट ताटात, तुपात बुडवलेले! काय डोकं आहे बाबा त्या सासू-सुनेचं!

संध्याकाळी दीदीनं परत दीक्षितपुऱ्यात, भाऊजींच्या घराकडे आणून सोडलं. गल्लीच्या तोंडाशीच भाऊजींची आरती पुन्हा सुरू.

"भाऊजी, आता काहून गाऊन राहिले?"

"अरे, तुझ्या ताईला कळायला नको? चहा ठेवेल ना ती!"