जुबेदाखालाचा हात

तारणाचा, म्हणजे स्वर्ग कुणाला मिळणार याचा विषय निघालाच आहे, तर आमच्या आत्याचं ऐका. ती देवीच्या आजारात लहानपणीच आंधळी झालेली. अठ्ठेचाळीसच्या पोलिस ॲक्शननंतर शेजारी राहायला आलेली जुबेदाखाला दर रविवारी तिला हात धरून छावणीतल्या चर्चला आणायची आणि स्वतः बाहेर पायरीवर बसायची.

एकदा पाळकसाहेबांनी उपदेशात ठासून सांगितलं, येशूवर विश्वास नाही त्याला स्वर्ग नाही.

आत्यानं त्यांना दारातच गाठलं. "साहेब, मग माझ्या जुबेदाला तिथं जागा नाय?"

"नाही, आत्याबाई. पण तुम्ही काळजी करू नका. तिथं तुम्हाला दिसायला लागेल. हात धरायला कुणी लागणार नाही."



"दिसाया लागलं की पहिलं तिचंच तोंड बघायचं ठरवलंय मी. ती तिथं नसंल, तर डोळे घेऊन काय करू, साहेब?"