ट्रम्पेटांच्या पुढची खुर्ची

हानोव्हरच्या कानाच्या दवाखान्यात मी नंबर यायची वाट बघत होतो. समोरच्या बाकावर ऑपेराच्या वाद्यवृंदात व्हायोला वाजवणाऱ्या एक बाई आणि त्यांचे व्यवस्थापक बसले होते. बाईंचा आवाज अख्ख्या खोलीला ऐकू येत होता.

"डाव्या कानात सारखी शिट्टी वाजतेय, डेटलेफसनसाहेब. झोपेतसुद्धा!"

"म्हणून तर तुम्हाला इथं आणलं, वीब्केबाई. उजवा कान तरी वाचवू. कानाच्या पडद्यातून बारीक सुईनं औषध सोडतात, ते आतल्या कानात झिरपतं. गोंगाटाच्या आधी दिलं, तर आतल्या पेशी मरत नाहीत म्हणे."

"म्हणे?"

"अजून चाचणी चालू आहे."

"म्हणजे मी कानात सुया टोचून घ्यायच्या, पण ट्रम्पेटवाले माझ्या मानेमागून हलणार नाहीत!"

"मागं जागा कुठंय?"

"पुढं आहे की. प्रेक्षकांची पहिली रांग काढा."

"अहो, ती सगळ्यात महाग तिकिटं!"

"आणि माझा कान फुकटचा?"

"हळू बोला, लोक बघतायत."

"बघू देत! औषधाला माझी ना नाही. डॉक्टर म्हणाले तर घेईन. पण शनिवारी माझ्या खुर्चीवर तुम्ही बसायचं."

"मला कुठं व्हायोला वाजवता येतं?"

"वाजवू नका. नुसते बसा."



"पूर्ण प्रयोगभर?"