प्रसादाचं पातेलं आणि अण्णांची नखं

मी आलो, मी गेलो असंच बोलणार बघा, लिहून घेताना ते दुरुस्त करू नका. आमच्या कोल्हापुरात बायका असंच बोलतात. इथं अमेरिकेत, शिकागोजवळच्या शॉमबर्गला आल्यावर पुण्यामुंबईच्या बायकांत बसून मी आले, गेले, करते असं बोलायला शिकलो, आणि इतकं शिकलो की एकदा फोनवर अण्णांना मी जेवले म्हणून गेलो, तर पलीकडून अण्णा म्हणाले, कोण बोलतंय. हसतच म्हणाले ते, पण मला लागलं ते लागलंच.

अण्णा म्हणजे माझे वडील, मोटरसायकलचे मिस्त्री. तालमीच्या कडेला पत्र्याचं शेड, त्याला आम्ही गॅरेज म्हणायचो. आई मी लहान असतानाच गेली, मग शाळा सुटली की मी सरळ गॅरेजवर, दप्तर ऑइलच्या डब्यावर, गृहपाठ तिथंच, भूक लागली की समोरच्या गाड्यावरची भजी. अण्णांनी नुसता हात मागं केला की कुठला पाना पाहिजे ते मला कळायचं. दहावीला जाईस्तोवर मी कार्ब्युरेटर उघडून, धुऊन, परत बसवून द्यायचो, अण्णा नुसतं वरून बघायचे आणि हं म्हणायचे, ते हं म्हणजे मला बक्षीस मिळाल्यागत व्हायचं. पण कॉलेजात गेलो आणि तिथल्या मुलींची नखं बघितली, गुलाबी, साफ, आणि माझ्या नखांत ही काळी रेघ. तवापासून लाज सुरू झाली. हळदीकुंकवाला गेलं की हाताच्या पाठीवर अत्तर लावतात ना, हात पुढं करावाच लागतो, तर मी हात पुढं करायचो आणि बोटं आत वळवून मूठ करायचो. गॅरेजला जायचं पण बंद केलं. अभ्यास आहे म्हणून सांगितलं. अण्णा म्हणाले, बरोबर हाय, अभ्यास कर.

मग लग्न जमलं, नितीन पुण्याचा, कॉम्प्युटरमधला. त्याला कशाचंच काही नाही, तो बघायला आला तेव्हा शेडमध्ये स्टुलावर बसून चहा प्याला. पण मामानं माझ्या माहितीच्या कागदावर लिहिलेलं, वडील ऑटोमोबाइल क्षेत्रात. अण्णांनी ते वाचलं, कागदाची घडी घातली आणि चष्मा काढून पुसत बसले. मी म्हटलं नाही की मामा, मिस्त्री लिहा. मला ते क्षेत्रात बरं वाटलेलं.

इथं आलो ते दोन हजार एकमध्ये. नितीन कामाच्या व्हिसावर आणि मी बायकोच्या व्हिसावर, म्हणजे नोकरी करायला बंदी. बी.कॉम. होऊन मी दिवसभर घरात, बाहेर बर्फ, आणि शनिवारी कुणाकडं तरी जेवण. काय सांगू तुम्हाला, सगळ्या बायका चांगल्या होत्या, वाईट कुणीच नव्हती, पण पहिला प्रश्न हाच, बाबा काय करतात. वृंदाताई म्हणजे आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या सगळ्यात जुन्या, माणसं जोडणाऱ्या, मी आजारी पडलो तर सूप घेऊन येणाऱ्या, त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं ऑटोमोबाइलमध्ये. अच्छा, शोरूम आहे का, म्हणाल्या. मी हसलो. तेवढ्या हसण्यावर ते शोरूम उभं राहिलं बघा, आणि पुढं वर्षानुवर्षं चाललं.

आता गाडीचं सांगतो, अण्णांचं इकडं यायचं ठरलं त्या वर्षीचं. आमच्या शेजारी एक गोऱ्या आजी राहायच्या, त्यांचा नवरा गेला आणि त्यांनी घराचं गॅरेज रिकामं करायला काढलं. मी सहज बघायला गेलो तर कोपऱ्यात मोटरसायकल. जुनी जपानी, दोन सिलिंडरची, दोन सायलेन्सरवाली. अहो, आमच्या तालमीतली पोरं जी उडवायची तिची सख्खी बहीणच ही, टाकीचा आकार तोच. टायर फाटलेले, सीटमध्ये उंदरांचं घर, सगळ्याला गंज. माझा हात आपोआप प्लगवर गेला. आजी म्हणाल्या, भंगारवाल्याला फोन केलाय, तुला पाहिजे तर ढकलत ने, कागद शोधून देते. मी चपला घालून तशीच ढकलत आणली. नितीन ऑफिसातून आला आणि गाडी लावायला जागाच नाही. म्हणाला, यार सुनंदा, हे काय. मी म्हटलं, अण्णा येणार आहेत ना, त्यांच्यासाठी. तो म्हणाला, ठीक आहे, पण दोन गोष्टी, ग्रीनकार्डच्या वकिलाचं बिल चालू आहे, तर यावर घरातला खर्च नको, आणि स्वयंपाकाच्या भांड्यांना ग्रीस लावायचं नाही.

मग काय, घरात जे आहे त्याच्यावर. पोळ्या गुंडाळायचा फॉइल चुरगाळून पाण्यात बुडवून घासला की क्रोमवरचा गंज जातो, ते मला इंटरनेटवर कळलं. टाकीत व्हिनेगर आणि जुनी साखळी घालून खळखळ हलवायची, ते अण्णांचंच, फक्त अण्णा खडी घालायचे. मी इथं येताना आणलेली मोठी बॅग फाटलेली, तिचं रेक्झिन उसवून सीटला कव्हर शिवलं, हातानं, दाभणानं. रिपेअरचं पुस्तक लायब्ररीतून आणलं, सारखं सारखं मुदत वाढवून. टायर भंगाराच्या यार्डातून. तिथल्या माणसानं नवऱ्याला घेऊन ये म्हणून सांगितलं, मी म्हटलं, नवऱ्याला टायरमधलं काही कळत नाही. बायका फोन करायच्या, काय करतेयस, मी म्हणायचो, काही नाही, टीव्ही बघतेय. बघतेय म्हणायचो. हातात पाना आणि तोंडात बघतेय.

दोन गोष्टी मला एकदम पाहिजे होत्या, इथंच सगळी गोम आहे. अण्णा येईस्तोवर गाडी चालू व्हायला पाहिजे, आणि अण्णा आले की ते मिस्त्री आहेत हे कुणालाच कळायला नको. गाडीवर मी चादर घालून ठेवलेली.

आणि ते पातेलं. आमच्या मंडळाचं एक मोठं स्टीलचं पातेलं आहे, कुणीतरी सामानाच्या कंटेनरमधून इकडं आणलेलं, गणपतीच्या प्रसादाचा मसालेभात त्यातच होतो. ते एवढं मोठं की कुणाच्या किचनमध्ये मावत नाही, म्हणून पाळीपाळीनं एकेकाच्या गॅरेजमध्ये असतं. त्या वर्षी आमची पाळी. आता गाडीचे दोन कार्ब्युरेटर, नटबोल्ट, साखळी, सगळं चिंचेच्या पाण्यात घालायचं होतं, घरातल्या भांड्याला नितीनची बंदी, आणि समोर ते पातेलं पालथं पडलेलं. मी घातलं. चिंचेचं पाणी उकळून त्यात सगळं बुडवून ठेवलं, अण्णा यायच्या आठवडाभर आधी. मनात म्हटलं, गणपतीला वेळ आहे, आधी घासून लख्ख करू, कोण बघतंय. स्वयंपाकघरातल्या पातेल्याला ग्रीस लागू दिलं नाही मी, देवाच्या पातेल्यात घातलं. कुठल्या डोक्यानं घातलं ते मला आजपण सांगता येत नाही.

अण्णा आले. एअरपोर्टवर नवा शर्ट, इस्त्रीची पॅन्ट, पायात बूट, बुटांत त्यांना चालता येत नव्हतं. मी पाया पडलो, त्यांनी माझे हात धरले, बघितले आणि सोडले. मी पण त्यांचे बघितले. पांढरे हात. नखं साफ. मला वाटलं, गॅरेज चालत नसेल आता, वय झालं. घरी येताना रस्त्यानं बघत म्हणाले, प्रत्येक घराला गॅरेज हाय व्हय, मग मिस्त्री किती असतील. मी हसलो आणि लगेच मनात आलं, हे असं बायकांपुढं बोलायला नको.

दुसऱ्याच दिवशी बेल वाजली. वृंदाताई. त्यांच्याकडं पूजा निघालेली, म्हणून पातेलं न्यायला आलेल्या, फोन न करता. अण्णा हॉलमध्ये बसलेले. वृंदाताईंनी वाकून नमस्कार केला, काका, प्रवास कसा झाला, आणि मग, शोरूम कोण बघतं हो आता तिकडे. मी स्वयंपाकघराच्या दारात. मी अण्णांना शोरूमचं कधी बोललो नव्हतो. आणि अण्णा क्षणभर पण थांबले नाहीत बघा. म्हणाले, माणसं हायत की बघायला, आता मी कशाला बसतोय तिथं. आणि दोन्ही हात मांडीखाली घेतले.

त्यांना सगळं ठाऊक होतं. मी न सांगता ठाऊक होतं. माझी मान वर होईना.

तेवढ्यात वृंदाताई, पातेलं गॅरेजमध्येच ना, म्हणत दार उघडून गेल्या पण. मी मागं धावलो, अण्णा मागनं आले. वृंदाताईंनी झाकण उचललं. आत काळं पाणी, वर तेलाचा तवंग, आणि त्यात कार्ब्युरेटर. त्यांनी झाकण भिंतीला टेकवून ठेवलं. मग हळू म्हणाल्या, सुनंदा, हे प्रसादाचं पातेलं आहे गं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी काही बोलायच्या आत अण्णा पुढं झाले. म्हणाले, बाई, पोरीला बोलू नका, ते मी ठेवलंय. मी मिस्त्री माणूस, शोरूम बिरूम काय नाही आमचं, पत्र्याचं शेड हाय, मला सवय, हात गप्प बसत नाहीत, भांडं कुठलं ते मला कळलं नाही. एवढं सगळं एका दमात. पहिल्यांदा मला झाकायला ते शोरूमवाले झाले, आता मला झाकायला मिस्त्री झाले. मी उभाच. आणि खरं सांगतो, एक क्षण मला वाटलं, बरं झालं, सुटलो. त्या एका क्षणाची मला जेवढी लाज वाटते तेवढी त्या पातेल्याची पण वाटत नाही.

मग मला अण्णांचे हात दिसले. पातेल्यावर धरलेले, पांढरे, साफ. कालच आलेला माणूस आणि पाणी आठवड्याचं. वृंदाताई पण बघत होत्या. मी माझे हात पुढं केले, बोटं उघडी, दोन्ही. म्हटलं, ताई, त्यांनी नाही केलं, मी केलं, ही नखं बघा. गाडी पण मीच करतोय. माझे वडील मिस्त्री आहेत, मी पण त्यांच्याच हाताखाली शिकलो. करतोय, शिकलो, असंच तोंडातून आलं. वृंदाताईंनी माझ्याकडं बघितलं, अण्णांकडं बघितलं. म्हणाल्या, मिस्त्री असायला काय झालं गं, मी कधी काही म्हटलं असतं का. पण यात आता प्रसाद कसा करायचा, ते सांग. त्या पातेलं न घेताच गेल्या.

त्या गेल्यावर मी पायरीवर बसलो. अण्णा शेजारी बसले. मी म्हटलं, गॅरेज बंद केलं का तुम्ही. म्हणाले, छे, तिकीट आल्यापासनं हात लावला नाही कशाला, पोरगं बघतंय एक. रोज लिंबू आणि साबणाचा चुरा, दाताच्या ब्रशनं, लई चिवट असतंय नखातलं. म्हटलं, तुझ्या माणसांत यायचं तर बरे दिसूया. आणि माझ्या नखांकडं बघून त्यांना हसू आलं. म्हणाले, आणि तू हे करून बसलीयास. मी रडलो, काय सांगू तुम्हाला, लहान पोरीसारखं. मला त्यांनी रागवायला पाहिजे होतं. रागावले नाहीत. उठले, चादर काढली, गाडीभोवती एक चक्कर मारली, सीटवर हात फिरवला आणि म्हणाले, ही तुझी बॅग व्हय.

मग शर्ट काढून बनियनवर बसले. मी म्हटलं, अण्णा, हात खराब होतील. म्हणाले, आता कुणाला दाखवायचेत. हे ते साधंच बोलले, टोमणा नव्हता त्यात, पण मला दुसरीकडं बघावं लागलं. अण्णा परत जायच्या आधी गाडी चालू झाली. आधी नुसता धूर, मग एक सिलिंडर, मग दोन. शेजारच्या आजी बाहेर येऊन तोंडावर हात ठेवून उभ्या राहिल्या. नंबर प्लेट नव्हती, म्हणून आमच्या गल्लीच्या टोकापर्यंतच, मी पुढं आणि अण्णा मागं, माझ्या खांद्यावर हात ठेवून. वळताना कानापाशी म्हणाले, हं.

मंडळानं त्या वर्षी प्रसाद फॉइलच्या ट्रेमध्ये केला. कुणी मला तोंडावर काही बोललं नाही, पण बरेच महिने फोन पण आला नाही, आणि ते बरोबरच होतं, मी त्यांच्या जागी असतो तर मी पण केला नसता. नवीन पातेलं मी आणून दिलं, वृंदाताईंनी ठेवून घेतलं, चहा दिला, पण सूप घेऊन येणं ते थांबलंच. जुनं माझ्याकडंच आहे, त्यात आता मी सुट्टे पार्ट धुतो. गेल्या वर्षी कामाचं परमिट आलं, तेव्हापासून इथल्याच एका छोट्या मोटरसायकलच्या दुकानात मी कामाला जातो. कुणी विचारलं तर सांगतो, मिस्त्री. वडील पण मिस्त्री.

अण्णा थकलेत आता, परत काय इकडं येणं व्हायचं नाही. रविवारी फोन करतो. आधी गाडीचं विचारतात, मग विचारतात, नखं कशी हायत. मी म्हणतो, काळी. मग म्हणतात, सुखात राहा. गोष्ट एवढ्यावर संपवायला पाहिजे, बरोबर आहे. पण यंदा संक्रांतीला वृंदाताईंनी हळदीकुंकवाला बोलावलं, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा, आणि त्या अत्तराची बाटली घेऊन माझ्यापुढं आल्या. मी हात पुढं केला. बोटं आत वळली. मी वळवली नाहीत बघा, आपोआप वळली. वृंदाताई थांबल्या, बाटली धरून तशाच उभ्या राहिल्या. मी एकेक बोट उघडलं, तवर त्या थांबल्या.