पाव मिलिसेकंदाचा हट्ट

आदरणीय अध्यक्षा हेमाताई, व्यासपीठावरील मान्यवर, नाट्यगृहाचे सर्व कर्मचारी, तिसऱ्या रांगेत बसलेल्या शर्मिलाताई आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते यज्ञेश्वर सोहोनीकाका, आपणा सर्वांना माझा, प्रज्ञेशचा, सविनय नमस्कार.

ध्वनितंत्र शिकवणं हा माझा व्यवसाय. तेव्हा दोन वाक्यांत आटोपेन, अशी आशा कुणी धरू नये.

गेल्या वर्षी इथे नेटवर्कवर चालणारी ध्वनिव्यवस्था मी बसवली. तिचं मर्म सोपं आहे. माइकमधल्या आवाजाचे दर सेकंदाला हजारो नमुने घेतले जातात, त्यांचे छोटे गठ्ठे होतात आणि वाटेतल्या एकेका स्विचमधून, म्हणजे नेटवर्कच्या जोडपेटीतून, ते पुढे जातात. शेवटच्या टोकाला त्यांची वाट किती वेळ पाहायची, हे आपण ठरवतो. तीच लेटन्सी. कात्रजहून निघालेल्या माणसाला स्वारगेट गाठायला तुम्ही पाच मिनिटं दिलीत, तर तो पोचेल का? इथे उशिरा आलेला गठ्ठा सरळ टाकून देतात. किती देखणी, किती कठोर रचना!

इथला आवाज सांभाळणाऱ्या काकांनी ती मुदत पाच मिलिसेकंद ठेवली होती. मी हसलो. "काका, पाव मिलिसेकंदात काम होतं."

"अहो, आपला पडदा वीस मिनिटं उशिरा उघडतो. तुम्ही पाव कसला मोजताय? आवाज उशिरा आला तर चालेल, आला पाहिजे."

मी ऐकलं नाही. नमुने अठ्ठेचाळीस हजारांवरून शहाण्णव हजारांवर नेले, लेटन्सी पाववर आणली. कंट्रोल रूममध्ये सुरेख चाललं. तिथे मध्ये एकच स्विच होता. रंगमंचाखाली, तळघरातल्या स्पीकरपर्यंत पाच होते, आणि प्रत्येक स्विच थोडा वेळ खातो.

प्रत्येक प्रयोगाआधी काका तळघरात उतरून तो स्पीकर स्वतःच्या कानांनी ऐकत. त्या दुपारीही निघाले होते. मी म्हणालो, "स्क्रीनवर सगळं हिरवं आहे, काका. गुडघ्यांवर दया करा." ते थांबले.

मग रंगमंचाची लिफ्ट खाली न्यायची होती. रंगमंच सांभाळणाऱ्या निकिताने माइकवरून इशारा दिला, "राकेश, खाली असशील तर बाहेर ये." उत्तर आलं नाही म्हणजे खाली कुणी नाही, हा आपला रिवाज. तळघराच्या पायऱ्यांवर आपले कर्मचारी सीताराम होते. त्यांना स्पीकरमधून नुसती खरखर ऐकू आली. राकेश लिफ्टखाली झाडत होता. शर्मिलाताईंचा नवरा. तो वर आला तो चादरीत.

चौकशीत विचारलं गेलं, यंत्रणा कुणाच्या ताब्यात होती? काका म्हणाले, "माझ्या." मी शेजारच्या खुर्चीत होतो. त्या दुपारी टाकून दिलेल्या गठ्ठ्यांची नोंद मी चौकशीच्या आदल्याच दिवशी वाचली होती. बोललो नाही, पुढच्या आठवड्यात याच व्यवस्थेवर माझं व्याख्यान होतं. अहवालात काकांचा हलगर्जीपणा नोंदला गेला. निमंत्रणपत्रिकेवर 'स्वेच्छानिवृत्ती' छापलंय. चौतीस वर्षांनंतर काका स्वेच्छेने चाललेले नाहीत.

नंतर मी विचारलं, "माझं नाव का घेतलं नाहीत?"

"तुम्ही शेजारीच होतात. म्हटलं, तोंड तुम्हालाही आहे."

हेमाताई, हे माझं निवेदन, त्या नोंदींच्या प्रतीसह. सकाळी एक प्रत पोलीस चौकीतही दिली आहे. अहवालातलं काकांचं नाव काढून तिथे माझं घालावं.

संयोजकांचे आणि आपण शांतपणे ऐकलंत त्याबद्दल आपले आभार. बोलण्यात वेळेचं भान सुटलं असेल, तर तेवढं मोठ्या मनाने सोडून द्या. शर्मिलाताई, तुमच्याकडे मी क्षमा मागत नाही. मी व्यासपीठाच्या पायऱ्यांशी थांबतो आहे. तुम्ही विचाराल त्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देईन.