एका डब्यात चार कॉम्प्युटर

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात शिवणकामवाल्या बाई आपला लॅपटॉप घेऊन नंबराची वाट बघत होत्या. शेजारी बाप-लेक बसले होते. लेकीच्या मांडीवर जडसा डबा होता आणि तोंडाचा पट्टा चालू होता.

"बाबा, निवृत्तीनंतर घरात सर्व्हर कशाला हवाय तुम्हाला?"

"अगं, एका डब्यात चार कॉम्प्युटर चालतात."

"चालतात कुठे? तुमच्या खटपटीत घरातलं इंटरनेटसुद्धा बंद पडलंय!"

"पहिल्यांदाच करतोय ना. एक तुझा, एक माझा, एक आईचा."

"आणि चौथा?"

"दादाचा. त्याचा जुना कॉम्प्युटर शेवटच्या घटका मोजतोय. तो जसाच्या तसा यात ठेवता येतो."

"कमाल आहे तुमची! इतकी वर्षं तो तुमचा फोन घेत नाही."

"आला, तर सगळं जिथल्या तिथं सापडायला हवं. फक्त त्याच्या पासवर्डपाशी अडलंय. तू विचारतेस?"

"तुमच्या दोघांच्या मध्ये पडून वैतागलेय मी. हा घ्या माझा फोन, रिंग जातेय. तुम्हीच विचारा."

"अगं, पण... हॅलो? मी... मी बोलतोय. ठेवू नकोस. पासवर्ड हवा होता फक्त."

"पुढचं कोण?" दुकानदारानं हाक मारली.

नंबर बाईंचाच होता. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.