धरायला एक दांडा

मंडळी, आज सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. लगेच मान डोलवू नका, जरा मनात घोळू द्या. आपल्या हातून सेवा राहते — देवाची म्हणा, माणसाची म्हणा — ती का राहते? मन नसतं म्हणून? छे! मन तर सगळ्यांचंच असतं! विचारा कुणालाही, "अहो, नामस्मरण करता का?" उत्तर काय येतं? "करायचंय हो महाराज, पण घरात निवांत जागा नाही." "देवघर नीट झालं की बसणार." "चांगली माळ मिळाली की सुरू करणार." म्हणजे मन आहे. अडलंय कशावर? साधनावर! मग मला सांगा, साधन चांगलं नाही म्हणून जो थांबला, तो खरोखर साधनासाठी थांबला का? की थांबायचंच होतं, आणि साधन निमित्ताला सापडलं?

ऐका. ही कथा पुराणातली नाही. ज्यांच्या घरी घडली, त्यांनीच मला सांगितली. म्हणाले, "महाराज, नाव घेऊन सांगा. लपवू नका." म्हणून नाव घेऊन सांगतो.

विश्वंभर सोनटक्के. साखर कारखान्यात स्टोअरकीपर. म्हणजे काय, तर कारखान्याची सगळी हत्यारं यांच्या ताब्यात. पान्हे, कानशी, ड्रिल मशीन, करवती — एकाहून एक सरस! फिटर यायचा, सही करायचा, हत्यार न्यायचा. संध्याकाळी परत आणून द्यायचा. विश्वंभरराव ते हातात घेणार, उलटंपालटं करून बघणार, तेलाच्या फडक्यानं पुसणार, जागेवर ठेवणार. नुसत्या वजनावरून सांगायचे, की माल अस्सल आहे का नकली!

पण मंडळी, एक गंमत बघा. गंमत कसली — दुखणंच ते. हत्यारं रोज हातात होती, पण हाताला एक घट्टा नव्हता! दिली, घेतली, पुसली, ठेवली. चालवली कधीच नाहीत.

निवृत्त झाले. घराच्या पडवीत कोपरा मोकळा केला, भिंतीला फळी ठोकून घेतली — सुताराकडून! — आणि म्हणाले, "आता इथं माझं वर्कशॉप. घरातलं एकेक काम मी स्वतः करणार."

त्यांची पत्नी अनसूयाबाई. साधी, कमी बोलणारी बाई. गुडघे दुखायला लागले होते. घर उंच जोत्याचं, मागच्या दारी दगडी पायऱ्या, पायऱ्यांच्या कडेला न्हाणीघराची भिंत. धुणं, भांडी, न्हाणं सगळं खाली. दिवसातून कितीदा तरी त्या पायऱ्यांवरून चढउतार. भिंतीला पंजा टेकवून उतरायच्या. आणि भिंत ओली असली, की पंजा सरकायचा.

त्या म्हणाल्या, "अहो, वर्कशॉप काढलंत ते बरं झालं. पहिलं काम माझं करा. त्या भिंतीला धरायला एक दांडा लावून द्या."

"लावतो की! त्यात काय!"

"कधी?"

"अगं, भिंतीला भोकं पाडायला ड्रिल मशीन नको का? साधंसुधं घेऊन उपयोग नाही. कारखान्यात होतं ना, तसलं घ्यायचंय. जरा चौकशी करतोय."

चौकशी! मंडळी, या शब्दात माणसं बुडतात! दुकानातून माहितीपत्रकं आली. मोबाइलवर व्हिडिओ सुरू झाले. या मशीनची मोटर चांगली, पण याचा दट्ट्या कमजोर. ते मजबूत, पण महाग. ते परवडतं, पण त्याचा माल कसला कोण जाणे. सकाळी चहा आणि चौकशी. दुपारी झोप आणि चौकशी! हसू नका, हसू नका — चालण्याचं मशीन घेऊन त्यावर टॉवेल वाळत घालणारी मंडळीही इथंच बसली आहेत, मला दिसताहेत!

उन्हाळा सरला. पाऊसकाळ गेला. दांडा काही लागला नाही.

मग अनसूयाबाईंनी काय केलं असेल? भांडल्या? नाही. आठवड्याच्या बाजाराला गेल्या. भाजी घेतली, आणि बाजाराच्या टोकाला जिथं विळ्या, खुरपी, कोयते घेऊन माणसं बसतात, तिथं थांबल्या. तिथं एक म्हातारा स्वस्तातली हत्यारं मांडून बसायचा. बाईंनी विचारलं, "घरात कधीमधी वापरायला करवत हवीय. कसली घेऊ?"

म्हातारा म्हणाला, "रोजचा धंदा करायचाय का?"

"नाही हो. दांडा कापायचाय, एखादी फळी कापायचीय."

"मग भारीतली कशाला? ही घ्या. मुठीला रंग नाही, पण पातं बरं आहे."

बाई काय फसतात? विळी घेताना बघतो तसं त्यांनी बघितलं! पातं वाकवलं, सोडलं — सरळ झालं. नखानं टिचकी मारली — आवाज स्वच्छ आला. मूठ हलवून बघितली. हातोडी घेतली ती दांड्यावर डोळा लावून, लाकडाच्या रेषा सरळ आहेत का बघून. लाकडाला भोक पाडायचं हातानं फिरवायचं ड्रिल घेतलं, भिंतीसाठी एक छिन्नी घेतली. शेजारी विजेवरचं मशीन होतं, अगदी स्वस्त. "हे?" म्हणून विचारलं, तर म्हातारा स्वतःच म्हणाला, "ते नको, ताई. विकायला ठेवलंय खरं, पण याची वायर बघा कशी पातळ आहे. ओल्या हातानं धरलंत तर? हाताच्या हत्यारात काटकसर चालते. विजेच्या हत्यारात जीव जातो."

आपला माल आपणच नको म्हणणारा विक्रेता! देव कुठल्या पथारीवर बसलेला असेल, सांगता येत नाही.

बाईंनी हत्यारं पिशवीत घातली, वर मेथीची जुडी ठेवली, घरी आल्या. मेथी काढली, करवत काढली, नवऱ्यापुढं ठेवली. "अहो, तुमच्यासाठी आणलंय."

विश्वंभररावांनी करवत उचलली. हातात तोलली. आणि हसले! म्हणाले, "अगं, ही काय हत्यारं आहेत? खेळणी आहेत ही! असलं मी स्टोअरच्या दारात उभं केलं नसतं."

बाईंनी जुडी सोडली. मेथी निवडायला बसल्या.

मंडळी, बाईनं आणलं काय होतं? करवत? हातोडी? अहो, तिनं आपली गरज आणून पुढ्यात ठेवली होती! आणि यांनी तिचं वजन केलं!

कार्तिकातली सकाळ. स्वच्छ ऊन पडलेलं. विश्वंभरराव पुढच्या खोलीत, डोळ्यांना चष्मा, हातात नव्या मशीनचं माहितीपत्रक. दोन मशीनं नक्की केली होती. आता त्यातलं एक ठरवायचं होतं. मागं धाडकन आवाज झाला. बादली पडल्यासारखा. हे आतूनच ओरडले, "काय पडलं गं?"

उत्तर नाही.

"अगं, काय पडलं?"

उत्तर नाही. तेव्हा उठले. मागच्या दारात आले. बादली अंगणात लवंडलेली. आणि पायऱ्यांच्या तळाशी अनसूयाबाई. एक पाय विचित्र वळलेला. तोंडातून आवाज निघत नव्हता, नुसता श्वास चाललेला. भिंतीवर ओल्या हाताचा पंजा उमटलेला होता, वरून खाली घसरत गेलेला.

शेजारचे जाफरभाई कुंपण ओलांडून धावत आले. दोघांनी मिळून बाईंना जुन्या दाराच्या फळीवर निजवलं, टेंपोतून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. खुबा मोडला होता. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "चालतील, पण वेळ लागेल. आणि पहिल्यासारखं नाही."

बाई शुद्धीवर आल्या, तेव्हा विश्वंभरराव उशाशी बसले होते. म्हणाले, "माझं चुकलं. मशीन आलं असतं तर —"

तेव्हा ती कमी बोलणारी बाई बोलली, मंडळी. "मशीनचं काय घेऊन बसलात? मला मशीन नको होतं, दांडा हवा होता. मी मागत होते तेव्हा तुम्ही माझ्याकडं बघतच नव्हतात. त्या कागदाकडं बघत होतात."

आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

लेक आली, आईजवळ राहिली. बापाला म्हणाली, "बाबा, तुम्ही घरी जाऊन थोडं पडा." विश्वंभरराव घरी आले. पडले नाहीत. पडवीत गेले. फळीखाली ती पिशवी तशीच होती. आत मेथीची वाळलेली पानं.

माळ्यावर जुना पलंग मोडून ठेवला होता. त्याची सागवानी दांडी खाली काढली. करवत घेतली, आणि जन्मात पहिल्यांदा लाकडावर चालवली. चालेना! अडकते, उडते, रेघ सोडून पळते. लगेच जीभ वळवळली — "बघ, मी म्हटलं नव्हतं? खेळणं आहे!" पण म्हणणार कुणाला? घरात कोण होतं? ते वाक्य तोंडातच राहिलं, आणि म्हणे, ते गिळताना जितकं कडू लागलं, तितकं दुसरं काहीच कधी लागलं नाही.

जाफरभाई कुंपणापलीकडून बघत होते. म्हणाले, "विश्वंभरराव, दाबू नका. तुम्ही तिच्यावर राग काढताय. हलकी धरा, तिची ती कापेल."

हलकी धरली. कापू लागली. हळू कापली, पण कापली! मग छिन्नी-हातोडी घेऊन भिंत टोकरायला बसले, तर जाफरभाई पुन्हा म्हणाले, "थांबा. डोळ्याला काही लावलंय का? विटेचा कपचा उडाला तर डोळा जाईल." विश्वंभरराव उठले, कोपऱ्यावरच्या दुकानातून साधा प्लॅस्टिकचा चष्मा आणि लोखंडी ब्रॅकेट आणले. भोकं पाडली, लाकडाच्या गिट्ट्या सिमेंटमध्ये बसवल्या. घाई करून पहिला ब्रॅकेट दुसऱ्याच दिवशी आवळला, तो गिट्टीसकट हातात आला! पुन्हा केलं. या वेळी वाळू दिलं. तळहाताला फोड आले, फुटले. पट्टी बांधून करत राहिले. दांडा लागला. किंचित तिरका. कारखान्याच्या इंजिनिअरनं पास केला नसता! पण रोज सकाळी विश्वंभरराव अंगाचा सगळा भार टाकून त्याला लोंबकळायचे. हलतो का बघायला. हलला नाही.

अनसूयाबाई घरी आल्या. वॉकर धरून या खोलीतून त्या खोलीत. मागच्या दाराकडं फिरकल्या नाहीत. धुणीभांडी विश्वंभरराव करू लागले. ना त्यांनी दांडा दाखवला, ना बाईंनी विचारलं. दाखवायला तोंड होतं कुठं?

असे महिने गेले. एके सकाळी बाई म्हणाल्या, "चला. मला अंगणात जायचंय."

"अगं, पायऱ्या आहेत."

"ठाऊक आहे मला पायऱ्या आहेत ते."

मागच्या दाराशी आल्या. दांडा बघितला. वॉकर सोडला, हात दांड्यावर ठेवला. एक पायरी. थांबल्या. दुसरी. विश्वंभरराव पुढं उभे, दोन्ही हात पसरून. अर्ध्यावर बाईंच्या चेहऱ्यावर कळ उमटली. यांच्या काळजाचं पाणी झालं! "काय झालं? पाय दुखला?"

"पाय नव्हे. इथं खालच्या अंगाला लाकडाची कूस आहे. बोटात गेली."

विश्वंभरराव धावत पडवीत गेले, पॉलिश पेपर घेऊन आले, आणि तिथंच पायरीवर गुडघे टेकून घासू लागले. बाई वर दांडा धरून उभ्या, हे खाली घासताहेत, आणि भुसा पडतोय तिच्या पावलांवर. घासताना हे रडत होते. बाईंनी रडू दिलं. गुळगुळीत झाल्यावर बोट फिरवून बघितलं आणि म्हणाल्या, "हं. आता झालं." आणि उतरून अंगणात गेल्या.

झालं सगळं नीट? नाही, मंडळी! मी खोटं सांगणार नाही. बाईंचा पाय आखूड राहिला तो राहिलाच. आजही लंगडतात. दांडा लागला, पण पाय परत आला नाही. उशिरा केलेली सेवा देव वाया जाऊ देत नाही. पण उशिराची किंमत माफही करत नाही.

मी असं म्हणत नाही, की स्वस्तातलं सगळं चांगलं. त्या म्हाताऱ्यानं काय सांगितलं? जिथं जीव जाईल तिथं काटकसर नाही. पण जिथं नुसता आपला मान जाईल, तिथं? तिथं मुठीला रंग नसलेली करवत पुरते! भगवंताकडं जायलाही तेच. सुरेल गळा नाही? बेसूर घ्या नाव. देवघर नाही? चुलीपुढं बसा. त्याला साधनाचं वजन करायचंच नाहीये. त्याला हाताचा घट्टा बघायचाय!

आता माझ्याकडं बघू नका. माझी कथा संपली. आता तुमची सुरू होते. अहो, पुढं बसलेले पाहुणे — तुमच्या घरी कुणी काय मागितलंय? मोरीतला दिवा? माजघरातलं न लागणारं दार? म्हाताऱ्या आईच्या कॉटला टेकायला एक फळी? आणि माय-माउल्यांनो, तुम्हीही सुटला नाहीत! बापाला फोन करायला निवांत वेळ मिळेल म्हणून किती दिवस थांबलाय?

आठवलं ना? दिसतंय मला, कुणाकुणाच्या माना खाली गेल्या. ते पाप नव्हे, ती जाग आहे. आता आरती होईल, प्रसाद घ्याल, घरी जाल. ज्यानं मागितलं होतं, त्याच्यासमोर जाऊन बसा. पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडं बघा. मग विचारा, "तुला काय हवं होतं?" आणि त्यानं सांगितलं, की "बघतो", "करतो" म्हणू नका.

हाताशी जे असेल ते घ्या, आणि उठा.

म्हणा माझ्यामागं, आणि मनापासून म्हणा — विठ्ठल! विठ्ठल! विठ्ठल!