तिन्हीसांजेचं विरजण

मंडळी, ऐका. आधी एक प्रश्न. देणाऱ्याचंच भांडं रिकामं झालं, तर त्याला कुणी द्यावं? — लगेच 'देवानं' म्हणू नका. पाठ केलेलं उत्तर मला घरीही मिळतं.

खडकेवाडीची सगुणाबाई. विधवा. ख्रिस्ती देवळात सगळ्यांत मागं, चपलांजवळ बसायची. एकदा देवळाचे धर्मगुरू, पाळक शांतवनराव म्हणाले, "पवित्र आत्म्यानं प्रत्येकाच्या आत एक दान ठेवलंय. आपापलं सांगा." कुणी गाणं सांगितलं, कुणी शिकवणं. दाविद मास्तरांनी तर तीन सांगितली — तिसरं नम्रता! सगुणाबाई म्हणाली, "मला काय येतंय? दही बरं लागतं." देऊळ हसलं. तीही हसली. पण ते हसू तिला घरापर्यंत टोचत राहिलं.

पुढं इस्टरआधीचा उपवासकाळ लागला आणि पाळकीणबाई, मनोरमाबाई, वारल्या.

इस्टरची सकाळ. देऊळ भरलं, घंटा झाली — पाळकच नाहीत! मास्तर त्यांच्या दारात वचन वाचून आले. तरुण मंडळी गाऊन आली. दार बंद. आतून एवढंच — "माझा विश्वास आटलाय. मेलेले उठतात, हे आज माझ्या तोंडून निघणार नाही."

सगुणाबाई उठली. कुठं निघाली? घरी! "चालली न्याहारीला," कुणीतरी म्हणालं. परतली ती पदराखाली वाटी घेऊन, थेट पाळकांच्या दारात.

"पाळकसाहेब, दही आणलंय."

"बाई, आज घास उतरत नाही."

"खायला नाही, विरजणाला. तुमच्याच घरचं आहे."

दार किलकिलं झालं.

"माझा मालक गेला, तेव्हा दुधाकडं कोण बघतंय? विरजण नासलं. लेकरांनी दही मागितलं, तर तिन्हीसांजेला वाटी घेऊन निघाले. त्या वेळेला विरजण देऊ नये म्हणतात. चार दारं मिटली. मनोरमाबाईंनी दिलं. म्हणाल्या, 'सगुणा, विश्वास संपला असेल तर तोही आमच्यातला ने.' नेला की! दुधाला विरजण लावलं, जिवाला विश्वास. आज तुमचा संपला. माझ्याकडं आहे — तुमचाच."

मंडळी, दुधात गेलेलं विरजण दिसतं का? वाजतं का? गप आत काम करतं.

देता सरेचना, ठेविता नासते ।
आतले ते देते, जीव नवा ॥

पाळकांनी बोटानं दही चाखलं — आणि बायको गेल्यापासून पहिल्यांदा रडले. मग म्हणाले, "चला देवळात. उपासनेचं पहिलं वाक्य तुम्ही म्हणा. मागून मी."

चपलांजवळची बाई वेदीपाशी उभी राहिली. आवाज कापला, पण निघाला. "प्रभू उठला आहे."

पाळक म्हणाले, "खरोखर उठला आहे."

आणि अख्खं देऊळ — मास्तरसुद्धा — असं गर्जलं, की वळचणीची कबुतरं उडाली!

आता तुमच्याकडं वळतो. आज तुमच्या आत जे लागलंय, त्याचं विरजण कुणाच्या घरचं? आठवलं नाव? मग त्या दारात जाऊन बघा, तिथं आज काय उरलंय. वाटी घ्या. उठा. आणि तिन्हीसांज झाली असली, तरी द्या.